बंदरावर काढलेले फोटो आधी बंदरावर लागले पाहिजेत : तुमचं मत काय?

खाडीपल्याड

गेल्या महिन्यात मुंबईत एका कलादालनात कोकण किनाऱ्यावरचं छायाचित्र प्रदर्शन पाहिलं. बावीस मोठे कृष्णधवल फोटो, प्रत्येकाच्या फक्त पाच प्रती, कागद उत्तम, छपाई उत्तम. सातव्या फोटोसमोर पाय थांबले. त्यातले हात माझ्या मामीचे होते.

ओळखले ते डाव्या तर्जनीवरून. वीसेक वर्षांपूर्वी मामीच्या त्या बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. बोट पिकलं, आणि तेव्हापासून नख अर्धंच उगवतं. फोटोत ते अर्धं नख आहे, मनगटापर्यंत चिकटलेले तारल्यांचे खवले आहेत, विळीचं पातं आहे, लुगड्याचा भिजलेला काठ आहे. सगळं इतकं स्वच्छ की वास यावा. नजर वर नेली तर फोटो खांद्यापाशीच संपलेला. खाली पाटी होती : ‘शीर्षक नाही, क्रमांक ७, अरबी समुद्र’.

मालवणला गेल्यावर मामीला मोबाइलवर दाखवला. तिने बोटाने मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हात माझेच आसत. पण तोंड खंय गेला?" मग थोड्या वेळाने, "तो झील फोटो घेवन येतंय म्हणान गेल्लो." चार दिवस तो छायाचित्रकार तिच्यासोबत बंदरावर फिरला होता, दुपारी तिच्याकडेच जेवला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्यावरच्या माणसांवर कुणी वर्ष-दोन वर्षं प्रकल्प करत असेल, तर ते फोटो आधी त्याच बंदरावर लागावेत. ज्यांना हवं त्यांचं नाव खाली असावं. प्रत्येकाच्या हातात एक प्रत पडावी. मुंबई, दिल्ली, परदेश, सगळं त्यानंतर. १९३६ साली अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात उपाशी मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी तो एक. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ उजाडलं. तिची तक्रार हीच होती की आपलं नावही विचारलं नाही आणि त्या फोटोचा एक पैसा मिळाला नाही. बेचाळीस वर्षं! आपल्याकडे तेच चालू ठेवायचं का?

चौकट

ताई, मी रत्नागिरीत सतरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो. परत येतो म्हणून गेला आणि आला नाही, हे वाईटच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यावरून तुम्ही जो नियम काढताय तो मला मान्य नाही.

आधी चेहऱ्याबद्दल. बंदरावरच्या बाईचा चेहरा चौकटीत आला की बघणाऱ्याला नाकातली नथ, केसातला अबोलीचा वळेसर आणि हसू एवढंच दिसतं. असे फोटो कॅलेंडरांवर ढिगाने आहेत. तुमच्या मामींचे हात पाहून तुम्हाला वीस वर्षांपूर्वीचा काटा आठवला, आणि ज्याला काही माहीत नाही त्यालाही त्या नखापाशी थांबावं लागलं असेल. चेहरा असता तर कुणाची नजर नखापर्यंत गेली असती का?

लँग यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते फोटो वर्तमानपत्रात छापून आले आणि सरकारने त्या तळावर २० हजार पौंड अन्नधान्य पाठवलं. थॉम्पसन यांचं कुटुंब तोवर पुढे निघून गेलं होतं हे खरं, पण मागे राहिलेल्यांच्या पोटात ते गेलं. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीवर लोकांनी ३० हजार डॉलरहून जास्त मदत धाडली.

कायदा माझ्या बाजूने आहे म्हणून मी भांडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन काढून घेतलेला नसेल तर फोटोचा पहिला मालक काढणाराच असतो. माझी खरी भीती वेगळी आहे. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौकांवर माझी एक मालिका आहे. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी क्षितिजावर कसा उजेड असतो ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. ही मालिका आधी बंदरावर लावली असती तर संध्याकाळच्या आत उतरवायला लागली असती. ‘आधी गावाला दाखवा’ म्हणजे प्रत्यक्षात ‘आधी गावातल्या चार वजनदार माणसांना विचारा’.

ओहोटी

दोघांचं वाचलं. मी रापणकरांच्या घरातला. मला नावापेक्षा मोठी गोष्ट खुपते.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी : होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं ते तासन्‌तास ओढतात. मिळेल त्याचे वाटे होतात. आजोबांच्या वेळी आमच्या रापणीत साठ वाटेकरी होते. आता चौदा आहोत. मागच्या डिसेंबरात एका सकाळी मी मोजलं : दोर ओढणारे चौदा, कॅमेरे अकरा.

ते अकरा जण वाईट नव्हते. पण त्यांच्या सगळ्या फोटोंत काय येतं? ताणलेला दोर, वाळूत रुतलेल्या टाचा, मागून कोवळा उजेड. बघणाऱ्याला वाटतं रापण जोरात आहे. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या यांत्रिक नौकांवरून गोल जाळं टाकणारे, आमच्या हद्दीत घुसतात म्हणून आमची माणसं एका साहेबांकडे तक्रार घेऊन गेली, तर साहेब म्हणाले, "अहो, तुमची रापण छान चालू आहे, मी फोटो पाहतो ना." वडील त्या दिवशी घरी येऊन न जेवता निजले.

जाळं शेवटी वर येतं आणि त्यात दोन टोपल्या पेडवे आणि प्लास्टिक असतं, तो क्षण कुणी काढत नाही. तेव्हा कॅमेरे पिशवीत गेलेले असतात. चौकटदादा, तुम्ही हातांचं बोललात ते पटलं. पण सुंदर फोटो खोटी साक्ष देतो तेव्हा काय करायचं?

चौकट

ओहोटी, तुमच्या वडिलांबद्दल वाचून अस्वस्थ झालो. त्या अकरांमध्ये मी नव्हतो, पण असू शकलो असतो. तरी सांगतो, दोष सौंदर्याचा नाही, एका सकाळीच निघून जाण्याचा आहे. एकटा फोटो काहीही बोलू शकतो. म्हणून तर आम्ही मालिका करतो. दोर, टाचा, मग दोन टोपल्या, मग वाटे करताना पडलेले चेहरे. तो क्रम लावणं हीच कला. कलात्मक छायाचित्रण म्हणजे लांब एक्सपोजर देऊन, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, पाण्याचं धुकं करणं असा समज झालाय, तो कधी तरी मोडायला हवा.

सडा

मला या चर्चेतल्या ‘गाव’ या शब्दाबद्दल बोलायचंय. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ राहते. आमच्याकडच्या नौकांवरचे कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. काही कर्नाटकातले, काही उत्तर प्रदेशातले. बंदरावर प्रदर्शन लावलं तर फीत कोण कापणार, पुढच्या खुर्च्यांवर कोण बसणार? नौकामालक. पाटीवर नाव कुणाचं येणार? सहा महिने नौकेच्या टपात झोपणाऱ्या पोराचं येईल का? आणि त्याला ते हवं असेल का? घरी त्याने हॉटेलात काम करतो असं सांगितलेलं असू शकतं. नाव छापणं हा नेहमीच मान असतो असं मला वाटत नाही.

जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण यात फार महत्त्वाचं आहे. तेही मासेमारीचं गाव. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत. अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन १९७१ पासून सुमारे तीन वर्षं तिथे राहिले. १९७२ मध्ये कारखान्याच्या माणसांनी स्मिथना जबर मारहाण केली. आपल्या पंगू मुलीला आंघोळ घालणाऱ्या आईचा त्यांचा फोटो जगभर गेला आणि त्या लढ्याला बळ मिळालं. काढला तेव्हा आईवडिलांची संमती होती. पण मुलगी वारली, आणि तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहणं त्यांना सोसवेना. स्मिथ तेव्हा हयात नव्हते. आयलीन यांनी १९९८ मध्ये तो फोटो नव्याने छापायला देणं थांबवलं.

म्हणजे त्यांनी गावात राहण्याची अट पाळली, संमतीची पाळली, फोटोने कामही केलं. तरी पंचवीसेक वर्षांनी ‘आता पुरे’ म्हणण्याचा हक्क त्या आईवडिलांचा राहिला. खाडीपल्याडताई, तुमच्या नियमात हा हक्क कुठे बसतो?

माडाची सावली

मी दापोलीकडचा, सुपारीची वाडी आणि तीन खोल्यांचा होमस्टे. एक वेगळाच अनुभव.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची निम्मी वाडी आडवी झाली. पंचनाम्याला फोटो लागतील म्हणून आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर काढले. प्रत्येक जण आपल्या पडलेल्या माडाशेजारी उभा, काही जण हातात आधार कार्ड धरून. माझ्या आईने वडिलांनी लावलेल्या माडाच्या बुंध्यावर हात ठेवलाय आणि दुसऱ्या हातात सातबारा. त्या फोटोत नाव आहे, तारीख आहे, जागा आहे, आणि आईचा चेहरा असा आहे की अजून मला तो नीट बघवत नाही. कॅमेरा साधा, उजेड वाईट, क्षितिज वाकडं.

आमच्या गावात असे शेकडो फोटो फोनांत पडून आहेत. फोन बदलले तसे काही गेलेही. माझ्या मते कोकण किनाऱ्याचं त्या वर्षातलं सर्वांत मोठं दस्तऐवजी काम ते आहे, आणि कुणी गोळा केलं नाही. बाहेरून येणाऱ्यांना जाब विचारा, जरूर विचारा. पण आपण आपले ठेवतोय का?

खाडीपल्याड

सडा, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप लागली नाही. नियम बदलते. नाव द्यायचंच असं नाही, विचारायचंच. आणि नंतर ‘नको’ म्हणायची वाट उघडी ठेवायची.

चौकटदादा, वजनदार माणसांची तुमची भीती खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणून बंदरालाच वगळलं तर तुमची लाइटवाल्या नौकांची मालिका फक्त वातानुकूलित दालनातले लोक बघणार, ज्यांचं त्या दिव्यांनी काहीच नुकसान झालेलं नाही.

आणि एकत्र काम होऊ शकतं याचा दाखला याच किनारपट्टीवर आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून मिळून काम केलंय. गिल यांनी तिथल्या डोंगर-शेतांचे फोटो काढले, वांगड त्या फोटोंमध्ये उभे आहेत. मग त्यांनी त्याच फोटोंवर शाईने बारीक रेघांत गोष्टी काढल्या : त्या जागेचे देव, झाडं, दुष्काळ, आलेले कारखाने. कॅमेऱ्याला जे दिसलं नव्हतं ते. फोटो रिकामा वाटतो तिथे त्यांच्या रेघा सर्वांत दाट आहेत. कामावर दोघांची नावं आहेत.

चौकट

ते काम मला फार आवडतं. पण वांगड स्वतः चित्रकार आहेत. तुमच्या मामींनी फोटोवर काय काढायचं? प्रत्येक विषयाला सहलेखक करता येत नाही. छायाचित्रकाराची एकट्याची नजर हीही एक किंमत देऊन कमावलेली गोष्ट असते, ती मी सोडणार नाही. इथे आपलं जमणार नाही, चालेल.

प्रतीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. पाच प्रतींची आवृत्ती असली तरी तिच्याबाहेर एक-दोन प्रती कलाकारासाठी ठेवायची पद्धत आहेच. त्यातली एक मामींना दिली असती तर कुठलाही नियम मोडला नसता.

ओहोटी

मग लावूनच बघू. आमची जाळ्यांची शेड आहे, आतली भिंत अठरा फूट, पावसाचं पाणी त्या बाजूने मारत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी शिवत तिथेच बसतात. चौकटदादा, दिव्यांची मालिका घेऊन या. उतरवायला कुणी आलं तर आम्ही चौदा जण आहोत.

चौकट

येतो. फक्त कागदाचे प्रिंट जूनमध्ये आठ दिवसांत फुगतील आणि बुरशी धरतील. फ्लेक्सवर काढतो. काळा रंग मार खाईल, पण भिंतीवर टिकेल.

सडा

थांबा. बंदीच्या दोन महिन्यांत नेपाळचे खलाशी गावी गेलेले असतात. त्यांचेच फोटो आणि तेच नाहीत, असं होईल. मेच्या शेवटच्या आठवड्यात लावा. तेव्हा सगळे इथे असतात, हिशेबासाठी थांबलेले.

ओहोटी

मेमध्ये शेड जाळ्यांनी भरलेली असते. रिकामी करतो. मे ठरला.

खाडीपल्याड

काल मामीला विचारून आले. मुंबईच्या त्या मुलालाही पत्र टाकलंय, सातवा फोटो शेडीत लावू देशील का म्हणून. अजून उत्तर नाही. फोटो आला तर खाली नाव घालू का, असं मामीला विचारलं. ती तारली साफ करत होती, हात न थांबवता म्हणाली, "नाव कित्याक? बोटाक काय झाला ता लिव."

मग तिने सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. श्रावणातला सोमवार होता. गिऱ्हाईक नव्हतं. शिंगाळा मेलेला वाटला म्हणून उचलला. रात्रभर हात चुलीपाशी शेकत बसली आणि पहाटे पुन्हा पाटी घेऊन गेली, कारण थोरल्याची फी भरायची होती. पाटीवर एवढंच जाईल, तिच्याच शब्दांत. ओहोटी, फोटोखाली किती जागा मिळेल ते मोजून कळवा.