यादी सारखीच, किंमत चौपट? सीरमचे घटक समजून घ्यायला मदत हवी आहे

वय ४३. मुलुंड ते सीएसएमटी, रोजचं. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहेत. नाक तेलकट, गाल कोरडे, आणि सकाळच्या गर्दीत जे काही चोपडलंय ते दादर येईपर्यंत निम्मं रुमालाला लागलेलं असतं. त्यामुळे रात्रीच्या दहा स्टेप वगैरे सुचवू नका, प्लीज.

परवा सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन बसले. एक बाटली लेकीची, ३४९ रुपयांची. दुसरी माझी, १,३९९ ची, नणंदेने वाढदिवसाला दिलेली. दोन्हींवर पुढे ठळक अक्षरांत 'नायसिनामाइड १० टक्के', म्हणजे डागांसाठी वापरतात ते बी३ जीवनसत्त्व. मागे पहिली चार नावंही तीच, त्याच क्रमाने: पाणी, नायसिनामाइड, ग्लिसरीन, पेंटिलीन ग्लायकॉल. माझ्या खोक्यावर केशराचं एवढं मोठं फूल छापलंय, पण केशराचा अर्क सापडला तो पार तळाला, फेनॉक्सिइथेनॉलच्याही खाली. त्यानंतर फक्त 'परफ्यूम'. मग वरचे हजार रुपये कशाचे?

दुसरं. लेकीचं बघून मीही ग्लायकॉलिक ॲसिडचं टोनर सुरू केलं. रोज रात्री, त्यावर हे सीरम. पाचव्या दिवशी तोंडाला नुसतं पाणी लावलं तरी चरचरायला लागलं, आमटीची वाफसुद्धा सोसवेना. आता आठवडाभर सगळं बंद आहे. ही दोन एकत्र चालत नाहीत का? लेक सॅलिसिलिक २ टक्केही वापरते, मला ते बरं का?

तिसरं, स्टेशनजवळच्या एका केमिस्टने चिठ्ठीशिवाय ट्यूब दिली आहे, 'महिन्यात वांग साफ' म्हणाला. अजून उघडली नाही. नणंद म्हणते बिनधास्त लाव, ती लावते.

चिंचपोकळीकर:
ज्याचं प्रमाण जास्त ते यादीत आधी. पण १ टक्क्याच्या खालचे घटक कसेही मागेपुढे लिहिलेले चालतात. फेनॉक्सिइथेनॉल माल टिकावा म्हणून असतं आणि ते १ टक्क्यापर्यंतच घालतात. म्हणजे त्याच्यानंतर आलेलं सगळं १ टक्क्याच्या आतलं समजा. केशर असेल थेंबभर. हजार रुपये खोक्याचे, ताई. शिवाय चिडलेल्या कातडीला परफ्यूम नकोच. लेकीची बाटली वापरा. खरं तर १० टक्केही लागत नाही, वांगांवरच्या अभ्यासांत ४-५ टक्के वापरलेलं आहे, आणि १० ने काहींचा चेहरा लाल होतो.

तुमचा घात मात्र रोजच्या ॲसिडने केलाय. ग्लायकॉलिकचा रेणू लहान, झपकन आत शिरतो, वरचा मृत थर सैल करतो. रोज केलं तर सालं निघणारच. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून तेलाने तुंबलेल्या छिद्रांत उतरतं. ते लेकीच्या पुटकुळ्यांना ठीक, तुमच्या कोरड्या गालांना नाही. महिनाभर सौम्य फेसवॉश आणि सेरामाइडवालं (कातडीत मुळात असतात तसले स्निग्ध घटक) साधं मॉइश्चरायझर, बस. मग सीरम, तेही एक दिवसाआड.

दुपारची_लोकल:
अगं, एवढ्या पोस्टमध्ये सनस्क्रीनचं नाव नाही? ग्लायकॉलिकने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. एसपीएफ ३० आणि ५० मध्ये फार अडकू नकोस, यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी उन्हातली किरणं, एक साधारण ९७ टक्के अडवतं, दुसरं ९८. यूव्हीए, म्हणजे जास्त खोल जाणाऱ्या किरणांसाठी, बाटलीवर 'पीए'पुढे किती '+' आहेत ते मोज. आणि वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, साधं सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं घे, यादीत आयर्न ऑक्साइड असलेलं. घाम रुमालाने पुसू नको, टिप.

ती ट्यूब लावायच्या आधी मागचं वाच आणि इथे लिही. मोमेटासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत.

धागाकर्ती:
भिंग पुन्हा काढलं. हायड्रोक्विनोन २, ट्रेटिनॉइन ०.०२५, मोमेटासोन ०.१ टक्के. नणंदेला फोन केला. आठ महिने लावतेय म्हणे. सोडली की तोंड भाजल्यासारखं लाल होतं, म्हणून सोडवत नाही. ओठांवरची लवही वाढली आहे, ते तिने आज पहिल्यांदा सांगितलं.

दुपारची_लोकल:
अगदी हेच होतं. डॉक्टर हे मिश्रण काही आठवड्यांसाठी देतात, आठ महिने नव्हे. त्यातल्या स्टेरॉइडने कातडी पातळ होते. पण तिला मनाने एकदम बंद करू देऊ नकोस, उलटतं. ट्यूब पिशवीत टाका आणि सायन नाहीतर केईएमच्या स्किन ओपीडीत दोघी जा. लवकर पोचा, केसपेपरची रांग असते.

धागाकर्ती:
सोमवारी दोघी रजा टाकतोय. माझी ट्यूबही नेते दाखवायला. केशराचं तिला काही बोलले नाही.