‘अवाँ-गार्द’ म्हणजे नवे रूप, की कलेच्या व्यवस्थेलाच आव्हान?

मूळ लेख
‘अवाँ-गार्द’ या फ्रेंच शब्दासाठी आपण सर्रास ‘प्रायोगिक’ म्हणतो आणि माझ्या मते तिथेच अर्थ निसटतो. शब्द मूळचा लष्करातला. मुख्य सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. १८२५ साली सँ-सिमों या फ्रेंच समाजवादी विचारवंताच्या अनुयायांनी तो कलावंतांना लावला, तेव्हा त्यांना समाजाला पुढे नेणारे कलावंत अभिप्रेत होते. शैलीचा प्रश्न त्यात गौण होता. पुढे १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाने, सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती मांडू, असे जाहीर केले. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने तिथे ‘आर. मट’ अशी सही केलेले चिनी मातीचे मूत्रपात्र पाठवले. आयोजकांनी ते मांडले नाही आणि संचालक मंडळावर असलेल्या द्यूशाँने राजीनामा दिला. त्या भांड्याच्या घडणीत प्रयोग काहीच नव्हता. कला कशाला म्हणायचे हे ठरवणारे कोण, हा प्रश्न मात्र त्यानंतर कोणाला टाळता आला नाही. या व्यवस्थेलाच जी हात घालते, तीच अवाँ-गार्द कला.

प्रतिसाद १
ही व्याख्या मला मान्य नाही, कारण तिच्या कसोटीवर मर्ढेकर बाद होतात. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये त्यांनी यंत्रयुगातल्या माणसाची कुतरओढ अभंग-ओवीच्या साच्यात आणली आणि त्या कवितेने त्यांना अश्लीलतेच्या खटल्यापर्यंत नेले. तरीही ते आकाशवाणीत नोकरी करत होते, आणि सौंदर्यशास्त्रात तर संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर, म्हणजे निखळ रूपावर, त्यांची भिस्त होती. मराठी कवितेचा कान ज्याने बदलला, त्याला जागा न देणारी व्याख्या आपल्या काय कामाची?

मूळ लेखक
मर्ढेकर बाद होतात, हे मी मान्य करतो. ते थोर नवकवी आहेत आणि अवाँ-गार्द नसल्याने त्यांची उंची तसूभरही कमी होत नाही. आपण हा शब्द प्रशस्तिपत्रासारखा वापरतो, म्हणून तो नाकारला की अन्याय वाटतो. त्यांच्यानंतर लघुनियतकालिके काढणारे मात्र मोठी मासिके आणि त्यांचे संपादक यांनाच वळसा घालून आपले अंक स्वतः काढत व वाटत होते. मला हाच फरक दाखवायचा आहे.

प्रतिसाद २
वळसा घालूनही रस्ता शेवटी त्याच गावात येतो, त्याचे काय? द्यूशाँचे मूळ भांडे हरवले. १९६४ मध्ये त्याच्याच संमतीने आठ प्रतिकृती झाल्या आणि त्यांतल्या काही आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आणि त्यांनी सहकाऱ्यांसोबत उभी केलेली दलित पँथर ही संघटना, दोन्ही १९७२ चे. इतकी खरी आघाडीची तुकडी मराठीत मला दुसरी दिसत नाही. त्याच ढसाळांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली. कृती तीच राहते, व्यवस्था तिला पोटात घेते. मग अवाँ-गार्द असणे हा कृतीचा गुण कसा? तो एका क्षणाचा गुण आहे.

मूळ लेखक
द्यूशाँपुरते हे मला पटते. ते भांडे आज पाहताना कोणाचीही झोप उडत नाही. ‘गोलपिठा’बद्दल नाही. पद्मश्री कवीला मिळाली, पण त्या कवितेतली कामाठीपुऱ्याची भाषा आजही वर्गात मोठ्याने वाचताना शिक्षक अडखळतात. व्यवस्थेने तिला पोटात घेतले असते, तर ती एवढी जड गेली नसती.