अनुभव सांगा: मोबाईल आला आणि बातमीदारी कशी बदलली?

धागाकर्ती: नाशिक जिल्ह्यात बातमीदारी केलेल्या, करणाऱ्या आणि रोज बातम्या वाचणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. माझं मत आधीच सांगते: वेग भरपूर मिळाला, खातरजमेला लागणारा वेळ मात्र कुणी वाढवून दिला नाही. २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, त्याआधी यावर बोलायलाच हवं.

सटाण्याचा जुना वार्ताहर: आम्ही बातमी हाताने लिहून पाकिटात घालायचो, ते पाकीट नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरकडे. फोटोचा रोलही त्यातच. शेवटची गाडी चुकली की बातमी एक दिवस शिळी. आता गारपिटीत झोपलेली द्राक्षबाग त्याच संध्याकाळी बांधावरून सगळ्यांना दिसते. पूर्वी पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पुरावा वाळून जायचा. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

गोदाकाठ: मी वेबसाइटच्या डेस्कवर असतो. पावसाळ्यात गोदावरीच्या ऑगस्ट २०१९च्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून येतात. आम्ही आधी नदीकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतो. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला की डोक्यावरून? मग गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते पाहतो. विसर्ग किरकोळ आणि मारुती बुडालेला, म्हणजे व्हिडिओ जुना. तरी रामकुंडावरच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केल्याशिवाय काहीच टाकत नाही. तोवर चार चॅनेलांवर ते चालून गेलेलं असतं. जाऊ दे! घाबरून घर सोडणाऱ्या माणसाला आपण उत्तर देणं लागतो.

निफाडकर: मी शेतकरी, वाचक म्हणून लिहितो. लासलगावचे कांद्याचे किमान, कमाल, सरासरी भाव आता लिलाव चालू असतानाच मोबाईलवर येतात. ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, ते त्यावर ठरतं. पण डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव पडल्याचे मेसेज शेकड्याने आले. बंदी किती दिवसांची, वाटेत अडकलेल्या मालाचं काय, हे सांगणारं कुणी भेटेना. आम्हाला ती बातमी हवी होती.

मुक्त छायाचित्रकार: मार्च २०१८च्या शेतकऱ्यांच्या नाशिक-मुंबई लाँग मार्चबरोबर मी कसारा घाटापर्यंत चाललो. सुरुवातीला मोठ्या चॅनेलांवर फारसं काही नव्हतं. सोललेल्या तळपायांचे फोटो मोबाईलवरून फिरले आणि मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. यंत्राने काय होऊ शकतं ते तिथे पाहिलं. फोटो काढायला मात्र त्यांच्यासोबत उन्हात चालावंच लागलं.

तालुका प्रतिनिधी: आणि चालण्याचे पैसे? पूर्वी बातमी द्यायचो. आता बातमी, फोटो, उभा व्हिडिओ, आडवा व्हिडिओ, वर जागेवरून लाईव्ह. मानधन तेवढंच. पेट्रोल आणि डेटा पदरचा. डेस्कवाले म्हणतात खातरजमा करा. करतोच, पण एका गावात थांबून चार माणसांशी बोलावं तर इकडे लाईव्हसाठी फोन वाजत राहतो. सिंहस्थाचं नियोजन करताना संपादकांनी कॅमेऱ्यांबरोबर माणसंही वाढवावीत, एवढं इथे ठामपणे लिहून ठेवतो.