१५० मिमी रिफ्लेक्टरवर एकाच बाजूचे तारे शेपटीवाले, आधी कॅमेरा घेऊ की फिल्टर?

फोंड्याची_गच्ची:
नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायच्या नादात अगदी नवखा. दिवाळीनंतर सेकंडहँड १५० मिमी न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) घेतला, फोकल लेंथ ७५० म्हणजे एफ/५, सोबत मोटरवाला ईक्यू माउंट (आकाशासोबत फिरणारा स्टँड), गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून ती गती सुधारत राहणं) वगैरे काही नाही. कॅमेरा घरातलाच जुना कॅनन डीएसएलआर, पुतण्याच्या मुंजीचे फोटो काढलेला, मॉडिफाय केलेला नाही. मृगातल्या तेजोमेघाच्या (एम ४२) ३० सेकंदांच्या साठेक फ्रेम काढल्या, स्टॅक केल्या (एकावर एक रचून एक फोटो केला) आणि बघतो तर उजव्या बाजूचे सगळे तारे शेपटीवाले, खालच्या कोपऱ्यात तर थेट तांदळाचे दाणे. डावीकडचे बरे आहेत पण झूम केलं की तेही गोल नाहीत, जरा तिकोनी वाटतात. लाल रंग जवळजवळ नाहीच. म्हणून सीएलएस फिल्टर (रस्त्याच्या दिव्यांचा उजेड कापणारा) मागवला तर सगळं आकाश मोरपंखी झालं!

आता एक कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कलर कॅमेरा बघून ठेवलाय, ५३३ सेन्सरवाला. विकणारा म्हणतो सोबत ड्युअल-बँड फिल्टर घ्या, सगळे प्रश्न मिटतील. दोन्ही एकदम परवडत नाहीत, घरात फ्रिज बदलायचा विषय आधीपासून रांगेत आहे. तर आधी काय घेऊ? गच्चीसमोर रस्त्याचा एलईडी दिवा आहे, तेही सांगून ठेवतो.

आरशांचा_नाद (डिचोली):
एवढ्यात काहीच घेऊ नकोस रे बाबा. एफ/५ न्यूटोनियनला कोमा (कडेच्या ताऱ्यांना शेपटी फुटणं) असतोच, पण तो चारही कोपऱ्यांत सारखा आणि शेपट्या मधल्या बिंदूपासून बाहेर फेकलेल्या. तुझं एकाच बाजूला बिघडतंय म्हणजे काहीतरी तिरकं बसलंय, आणि तिरकं काय आहे ते शोधायला एक पैसा लागत नाही. एक तारा मधोमध घे, फोटो काढ, मग कॅमेरा फोकसरमध्येच (दुर्बिणीला कॅमेरा जोडतो तिथे) १८० अंश फिरवून परत काढ. वाईट कोपरा फोटोत जिथल्या तिथे राहिला तर दोष कॅमेऱ्याचा किंवा टी-रिंगचा (कॅमेरा जोडायच्या कडीचा). कोपरा समोरच्या बाजूला गेला तर दोष नळीचा, म्हणजे कोलिमेशन (आरशांची जुळणी) नाहीतर फोकसर. कॅमेऱ्याच्या वजनाने स्वस्तातले फोकसर लोंबतात, हे तर फारच कॉमन. ते बघायला नळी रिंगांमध्ये गोल फिरवून फोकसर खाली जमिनीकडे कर, म्हणजे कॅमेरा आडवा न ओढता सरळ लटकेल. तेव्हा शेपट्या कमी झाल्या तर समजून जा.

लेझर कोलिमेटर असेल तर त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवू नकोस, आधी तो फोकसरमध्ये गोल फिरव, आरशावरचा ठिपका जागचा हलून गोल काढायला लागला तर लेझरच वाकडा आहे. शेवटचा निकाल ताऱ्यावरच, जरा आउट ऑफ फोकस करून काळा गोल मधोमध आहे का बघायचं.

आणि ते तिकोनी तारे म्हणतोस ना, त्याने मला तीन महिने रडवलंय. माझा २०० मिमीचा आरसा पाणी मारून धुतला, डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कापूस, सगळं नीट केलं आणि परत बसवताना तीन क्लिपा कशा तर चाकाचे नट आवळावे तशा आवळल्या. मग प्रत्येक तारा तीन पाकळ्यांचा. मी आपला हवेला शिव्या घालतोय, सीइंग (हवेची थरथर) वाईट, दमटपणा वाईट, शेजारची चूल वाईट. क्लिपेखालचं रबर काचेवर नुसतं टेकलेलं असावं, दाबलेलं नाही. व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघ, जात नसेल तर स्क्रू अर्धा फेरा ढिला कर, मग पुन्हा कोलिमेट कर.

कुळागरातून (वाळपई):
दादा, फिल्टरबद्दल मी सांगते. घरात जुनी सीडी असेल तर रात्री बाहेर घेऊन जा आणि तुमच्या त्या रस्त्याच्या दिव्याचं प्रतिबिंब तिच्यात बघा. जुना पिवळा सोडियम दिवा असेल तर रंग तुटक तुटक पट्ट्यांत दिसतात आणि पिवळा भाग ठसठशीत, एलईडी असेल तर अख्खं इंद्रधनुष्य सलग. सीएलएस फिल्टर त्या जुन्या सोडियम-मर्क्युरी दिव्यांच्या पट्ट्या कापायला बनवलेला, सलग इंद्रधनुष्यापुढे तो काय करणार? मधला पिवळा-केशरी भाग तो कापतो म्हणून तुमचं आकाश मोरपंखी झालं, फिल्टर खराब नाही. कस्टम व्हाइट बॅलन्सने रंग जागेवर येईल, पण उजेड काही जाणार नाही.

ड्युअल-बँड हा वेगळा प्रकार, तो फक्त हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजनची ५०० च्या आसपासची रेघ जाऊ देतो. तेजोमेघांसाठी शहरातून उत्तम, आकाशगंगा आणि तारकागुच्छांसाठी पैसे पाण्यात. पण तुमचा कॅनन मॉडिफाय केलेला नाही, त्याच्या आतला फिल्टर हायड्रोजनचा जेमतेम पाव भाग सेन्सरपर्यंत पोचू देतो, त्यात चार पिक्सेलांतला एकच लाल. त्यावर परत ड्युअल-बँड लावून ३० सेकंद उघडलात तर फ्रेममध्ये कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइजच जास्त येईल.

फिल्टर तपासायचाच तर एकाच रात्री, तेजोमेघ साधारण त्याच उंचीवर असताना, एक तास फिल्टर लावून आणि एक तास न लावता काढा. लोक एकेक फ्रेम समोरासमोर ठेवतात, त्यात फिल्टर लावलेली काळीकुट्ट दिसते आणि वाटतं वा काय कॉन्ट्रास्ट! एकूण वेळ सारखा ठेवून दोन्ही स्टॅक ताणा (अंधुक भाग उजळवा), मग बघा अंधुक भाग कुठे जास्त दिसतो. आमच्या अंगणातून मी अशी तुलना केली तर सीएलएसपेक्षा काहीच न लावलेला फोटो बरा आला, तेव्हापासून तो फिल्टर डबीत पडून आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेलीच.

रात्रपाळी_म्हापसा:
वरचं सगळं मान्य, पण कूल्ड कॅमेऱ्याला एवढं उडवून लावू नका. जानेवारीत चालून जातं, एप्रिलमध्ये रात्री अकरालाही २७-२८ डिग्री असते तेव्हा काय करणार. सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही गरमीने येणारा खोटा सिग्नल) दर सहा-सात डिग्रीला दुप्पट होतो, म्हणजे २८ वरून शून्यावर आणलात तर वीसेक पटीने कमी. पटत नसेल तर झाकण लावून, व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी मारून (तिथूनही उजेड शिरतो) ५ मिनिटांची डार्क फ्रेम काढा, जानेवारीत एक आणि उन्हाळ्यात एक. दोन्ही सारख्याच ताणून बघा, उन्हाळ्यातल्या फ्रेममध्ये लाल-निळी रांगोळी दिसेल.

मात्र ५३३ घेताना एक हिशोब करा. सेन्सर ११.३ मिमी चौरस, ७५० ला आकाशाचा एक अंशसुद्धा बसत नाही, साधारण ५२ कलाच (६० कला म्हणजे एक अंश). एम ४२ एक अंशाच्या वर पसरलाय, आत्ता कॅननमध्ये ऐसपैस मावतोय तो कडेला कापला जाईल. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे म्हणजे एका पिक्सेलला जवळजवळ १ विकला, ते तुमच्या नळीला छान. त्यात अँप-ग्लो (कडेला दिसणारी सर्किटची चमक) नाही हेही खरं. पण गायडिंग नसताना कूल्ड कॅमेरा म्हणजे बैलगाडीला रेडियल टायर.

माउंटचं कोणीच विचारलं नाही. आपल्याकडे ध्रुव १५ अंशांवर, म्हणजे कुठल्या ना कुठल्या माडामागे किंवा धुरकटात. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायला पोलर स्कोपला डोळा लावून मान मोडण्यापेक्षा लॅपटॉपवर नीना (N.I.N.A.) या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट वापरा, त्याला ध्रुव दिसावा लागत नाही. आणि एवढ्या कमी अक्षांशाला काही माउंटचा काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो, मोटर चालू करण्याआधी हाताने फिरवून बघा. मी बघितलं नव्हतं. गिअरचा तो आवाज अजून कानात आहे.

फोंड्याची_गच्ची:
सगळ्यांचे आभार. काल ढग होते, परवा रात्री साडेआठ ते बारा बसलो. भाई, तुम्ही सांगितलं तसा कॅमेरा १८० अंश फिरवला, वाईट कोपरा खालून उजवीकडून थेट वर डावीकडे गेला. म्हणजे नळीच! फोकसर जमिनीकडे केला तर शेपट्या अर्ध्याहून कमी. नीट बघितलं तर फोकसरखालचे दोन स्क्रू हाताने फिरत होते, आवळले.

मग मागचं झाकण काढून क्लिपा बघितल्या. दोन ठीक, तिसरीत कार्ड सोडा, वहीचा कागद शिरेना, रबराचा काळा ठसा काचेवर उमटलेला. आधीच्या मालकाने आवळली असणार. ढिली केली, कोलिमेट करायला तासभर गेला (पहिल्यांदाच केलं, एक स्क्रू फिरवला की दुसरीकडे पळतं), पण तारे गोल! आता शेपट्या आहेत त्या चारही कोपऱ्यांत सारख्या.

सीडीत सलग इंद्रधनुष्य दिसलं. सीएलएस विकायला काढतोय, कोणाला हवा तर सांगा.

आरशांचा_नाद (डिचोली):
शाबास. आता उरलाय तो खरा कोमा, त्याला कोमा करेक्टर (कॅमेऱ्यापुढे बसणारी लेन्स) लागेल, कूल्ड कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त. बहुतेकांना सेन्सरपासून ५५ मिमी अंतर लागतं, कॅननचे ४४ आणि टी-रिंगचे ११ मिळून बरोबर तेवढंच होतं, वेगळे स्पेसर नकोत. फक्त तुझा फोकसर २ इंची आहे ना ते आधी बघ, सव्वा इंची असेल तर बसणार नाही.

फोंड्याची_गच्ची:
२ इंचीच आहे, आत्ता पट्टी लावून आलो. फ्रिज पण ठरला. @कुळागरातून, अमावास्येच्या शनिवारी तुमच्या अंगणात यायचं म्हणतोय, चालेल का? गाडीची बॅटरी आणतो, एक्स्टेंशन बोर्ड लागेल का तेवढं सांगा.

कुळागरातून (वाळपई):
या की. बोर्ड आहे. बॅटरी नको, पण हेडलाइट गेटपाशीच बंद करा, आणि नळीच्या मागे बांधायला काळं फडकं आणा, प्रायमरीच्या (मोठ्या आरशाच्या) मागून उजेड शिरतो तुमच्या मॉडेलला.