स्वर तेच, मग वाद्य कुठलंही द्या?

पेटीवाली_परळ: काल इथे कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, 'एका वाद्यावर जागा, म्हणजे मूळ चालीत आयत्या वेळी घातलेल्या हरकती, घेता आल्या की बँडमध्ये कुठलंही वाद्य द्या, स्वर तेच.' डोक्यात गेलं. वीस वर्षं पेटी वाजवतेय. गेल्या गणपतीत बेंजोवाला आला नाही, तर तो तारा-बटणांचा बेंजो माझ्या पुढ्यात. 'पट्ट्या काय, बटणं काय, सारखंच!' डोंबल सारखं. पेटीवर उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. बेंजोवर बटणं डाव्या हाताला आणि नखी उजव्या. त्यात पेटीचा सूर भाता आहे तोवर टिकतो, बेंजोचा छेडला की विझायलाच लागतो. माझ्या लांबवलेल्या जागा सगळ्या उघड्या पडल्या. दुसऱ्या कडव्यापासून मुकाट्याने मूळ चाल वाजवली.

अंधेरी_कॉर्ड: मीच लिहिलं होतं. सराव नव्हता हा तुमचा प्रश्न, ताई. कान तयार असला की हात येतो. मी कीबोर्डवर शिकलो, आज बास गिटारवर सोलो घेतो.

दादरचा_ठेका: तुम्ही सोलो घेता तेव्हा खाली बासचा पाया कोण धरतं? आणि 'स्वर तेच' म्हणे! ढोलकीवाल्याने कुठे जायचं? आमच्या जागा मात्रांमध्ये असतात, पण विचारतो कोण.

सॅक्सोबा: कीबोर्डवाल्यांनी तर बोलूच नये. गायिका म्हणाली काळी एक, म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर, की तुम्ही ट्रान्सपोजचं, सगळे सूर सरकवायचं, बटण दाबून मोकळे. तोच सूर काढायला ट्रम्पेटवाला काळी दोनची बोटं लावतो, मी आल्टो सॅक्सोफोनवर काळी पाचची. त्यात म्हणे उत्स्फूर्त वाजवा!

अंधेरी_कॉर्ड: बटण दाबणं गुन्हा आहे का?

सॅक्सोबा: दाबणं नाही, विसरणं गुन्हा आहे. ठाण्याला एकाने बटण शून्यावर आणलंच नाही. पुढचं गाणं अर्धा सूर वर सुरू. आम्ही दोघे फुंकणारे बरोबर, आणि आयोजकाच्या शिव्या आम्हालाच!

अंधेरी_कॉर्ड: तुमच्या ठाण्याचा राग माझ्यावर काढू नका.

पेटीवाली_परळ: बटण पुरे. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली, ती १९७१ मध्ये सैल झाली. एक मोठा आक्षेप काय होता? पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, येत नाही. बंदी मूर्खपणाचीच होती, माझ्या गुरुजींचा त्यावर आयुष्यभर राग. पण वाद्याची घडण जागा ठरवते, एवढं त्या लोकांनाही कळत होतं.

अंधेरी_कॉर्ड: बरं बाई, हात वेगळे. जिंकलात. कान मात्र एकच लागतो.

दादरचा_ठेका: खाली कोण धरतं, ते राहिलंच.