पेन्शनच्या संपाबद्दल लोक काय बोलले? : मराठवाड्यातील अनुभव

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी, निमसरकारी, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत बेमुदत संपावर गेले आणि सातव्या दिवशी, २० मार्चला, तो संप मागे घेण्यात आला. जुन्या पेन्शनमुळे, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांनाही शेवटच्या पगारावर आधारित निवृत्तिवेतन दिल्यामुळे, राज्यावर एक लाख दहा हजार कोटी रुपयांचा भार पडेल, असे तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळात सांगितले होते. त्या आकड्यावर बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहून झाले आहे. संपाच्या दिवसांत आणि त्यानंतर दिल्या गेलेल्या इशाऱ्यांच्या वेळी तुमच्या गावात, कार्यालयात आणि घरात लोक प्रत्यक्ष काय बोलले, हे मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. आपल्याकडे एक भाऊ नोकरीत आणि दुसरा शेतीत, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यामुळे हा वाद चावडीवर कमी आणि घरातच जास्त झाला असावा, असा माझा अंदाज आहे. आपण संपात असाल किंवा संपामुळे अडला असाल, तर अनुभव अवश्य लिहावा. पक्षांचे राजकारण टाळावे आणि कार्यालयाचे वा व्यक्तीचे नाव देऊ नये, एवढीच विनंती.

तलाठी, हिंगोली जिल्हा

मी संपात होतो आणि संपाची मागणी मला आजही योग्य वाटते. परंतु संपाचा तिसरा-चौथा दिवस उजाडतो न उजाडतो तोच आमच्या भागात वादळी वारा आणि गारांसह अवकाळी पाऊस आला. गहू आडवा झाला, हरभऱ्याच्या सुड्या भिजल्या, आणि आमच्याकडे त्या दिवसांत हळद शिजवून उघड्यावर वाळत घातलेली असते, तिचीही वाट लागली. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तरच मदत मिळते आणि ते ठरवण्यासाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी बांधावर जाऊन पंचनामा करावा लागतो. आम्ही तिघेही तहसीलसमोरच्या मंडपात बसलेलो होतो. माझ्या साजातील, म्हणजे माझ्याकडील गावांतील, एका शेतकऱ्याने फोनवर जे सांगितले ते शब्दशः देतो: “साहेब, तुमी तिकडं घोषणा देयलेत अन् इकडं माझा हरभरा सडायलाय. काढू का तसाच ठेवू, तेवढं तरी सांगा.” माल उचलला तर पंचनाम्यात दाखवायला काही राहणार नाही आणि उचलला नाही तर पुढच्या पावसात उरलेलाही जाईल, असा त्याचा पेच होता. फोटो काढून ठेवा आणि माल उचला, असे मी त्याला सांगितले. त्यापलीकडे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. संप मिटल्यावर आम्ही सुटीच्या दिवशीही बांधावर फिरलो. तरीही गावात “पगारी माणसाला पावसाचं काय” हे वाक्य पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिले.

शेतकरी, लोहा तालुका

वरील अनुभव वाचला, म्हणून लिहितो. माझा रोष तलाठ्यावर नव्हता. ज्या माणसाला म्हातारपणी पैसे मिळणार की नाही याची काळजी वाटते, त्याची काळजी मला समजते, कारण मला तर काहीच मिळणार नाही हे ठाऊक आहे. माझ्या आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला एक हजार रुपये मिळत होते, ते नंतर दीड हजार झाले; ती त्यालाच ‘माझी पगार’ म्हणते. राग आला तो वेळेचा. रब्बीचा माल शेतात असताना संप का, असे आम्ही विचारले तेव्हा एका कर्मचाऱ्याने सांगितले की अधिवेशन मार्चमध्ये असते, सरकार ऐकते ते तेव्हाच. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि माझा गहूही खोटा नव्हता.

शिक्षिका, अंबाजोगाई

आमच्या शाळेत शेजारीशेजारी बसणाऱ्या आम्ही दोघी आहोत. ती जून २००५ मध्ये रुजू झाली आणि मी त्याच शैक्षणिक वर्षात, परंतु दिवाळीनंतर. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही सीमारेषा असल्यामुळे तिला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता मिळेल, तर माझ्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा कापली जाते, शासन त्यात चौदा टक्के घालते, आणि शेवटी हाती काय येईल ते बाजार ठरवेल. ज्यांना ही योजना ठाऊक आहे त्यांनाही एक गोष्ट सहसा माहीत नसते: सुरुवातीच्या अनेक वर्षांचा हिशेबच आमच्यापैकी कित्येकांना मिळालेला नव्हता. कपात झाल्याचे पगारपत्रकावर दिसत होते, खात्यावर मात्र रकमा जुळत नव्हत्या, आणि विचारायला गेले की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणी होत असे.

लोकांचे म्हणाल, तर संपाच्या काळात दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या आणि पालकांचा आमच्यावरचा राग त्यामुळेच वाढला. बाजारात भाजी घेताना ओळखीच्या बाईंनी मला सरळ विचारले, “मॅडम, एवढा पगार, वर पेन्शन, मग आमच्या लेकरांनी काय करायचं?” मी त्यांना सीमारेषा, कपात, बाजार असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला कमी मिळणार, आम्हाला तर मिळणारच नाही.” त्या मुद्द्यावर मला उत्तर सुचले नाही. आमदारांच्या पेन्शनवर मात्र त्या माझ्याहून जास्त बोलल्या. माजी आमदाराला किमान पन्नास हजार रुपये मिळतात हे त्यांना तोंडपाठ होते.

निवृत्त वाहक, बीड

एसटीत उभा जन्म गेला. आमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. मला महिन्याला तीन हजारांच्या आत मिळते आणि या योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपयांवरच अडकलेली आहे. लोक आम्हालाही सरकारी समजतात. २०२१-२२ मध्ये एसटीचा लांबलेला संप झाला, तेव्हाही लोक म्हणत होते की यांना काय कमी आहे. २०२३ च्या संपात बसस्थानकाच्या कट्ट्यावर मी संपकऱ्यांच्या बाजूने बोललो, तर माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने मला गप्प केले: त्यांना मिळाले तर आपल्याला काय मिळणार आहे?

रुग्णाचे नातेवाईक, परभणी

वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयात ठरलेली होती आणि ती पुढे ढकलली गेली. अपघात विभाग आणि प्रसूती विभाग चालू होते, हे मान्य केले पाहिजे. वॉर्डात मात्र कंत्राटी कर्मचारी आणि शिकाऊ परिचारिका यांच्यावरच सारे काम येऊन पडले होते. फाटकाबाहेर धरणे धरून बसलेल्या परिचारिकांपैकी एकीने वडिलांना ओळखले, उठून आली, त्यांचा कागद पाहिला, गोळ्या चालू ठेवायला सांगितले आणि पुन्हा जाऊन बसली. वडील निमूटपणे ऐकत होते. मी मात्र तिच्यावर जोरात बोललो. माझ्या बोलण्याचा सूर चढला तसा रांगेतला एक अनोळखी माणूसही तिला ऐकवू लागला, मग आणखी एक. त्या गर्दीला पेन्शनशी काही देणेघेणे नव्हते; प्रत्येकाचा जुना राग होता, कुणाचा औषधाचा, कुणाचा खाटेचा, आणि समोर सापडली ती परिचारिका. मला सर्वांत विसंगत वाटले ते हे की आत राबणाऱ्या कंत्राटी मुलींना ना जुनी पेन्शन आहे ना नवी, आणि संप मोडून काढल्याचे श्रेय त्यांच्या नावावर जमा होत होते.

निवृत्त प्राध्यापक, लातूर

मुलगी ब्रिटनमध्ये असते, म्हणून तिकडचा एक प्रसंग सांगतो; तो विषयाला धरूनच आहे. जानेवारी २००८ मध्ये लंडनच्या हीथ्रोसह सात विमानतळांवरील कर्मचाऱ्यांनी संपाचा इशारा दिला होता आणि आमची तिकिटे नेमकी त्याच महिन्याची होती. कारण पेन्शनचेच होते: शेवटच्या पगारावर आधारित निवृत्तिवेतन नव्याने भरती होणाऱ्यांसाठी बंद करण्याचा निर्णय विमानतळांच्या मालक कंपनीने घेतला होता. विमानतळावरचे अग्निशमन दल कामावर नसेल तर तेथे प्रवासी विमान उतरवता येत नाही, त्यामुळे थोड्या माणसांच्या संपाने सगळी वाहतूक थांबणार होती. आम्ही लातूरमध्ये बसून चिडलो. चांगला पगार घेणारी ही माणसे आमच्या प्रवासावर का उठली आहेत, असेच आमच्या घरातले बोलणे होते. पुढे तोडगा निघाला, संप टळला आणि आम्ही वेळेवर पोहोचलो. तिथे गेल्यावर जावयाने एक गोष्ट लक्षात आणून दिली, की संपाच्या बाजूने मत देणाऱ्यांची स्वतःची पेन्शन जाणार नव्हती, ती पुढे येणाऱ्यांची जाणार होती. आपल्याकडे २००५ मध्ये हाच बदल झाला तेव्हा आम्ही जुने लोक किती बोललो, हे मी आठवून पाहिले. स्टाफरूममध्ये चहाबरोबर चर्चा झाली, एवढेच आठवते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आमच्या अभ्यासिकेत संपाच्या आठवड्यात दोन तट पडले होते. ‘अर्ध्या पगारात, पेन्शनशिवाय काम करायला तयार आहोत, यांना काढा आणि आम्हाला घ्या’ असे संदेश मोबाइलवर फिरत होते, आणि माझ्या खोलीतल्या दोघांनी ते मनापासून पुढे पाठवले. मी तो संदेश पाठवला नाही, कारण उद्या निवड झाली तर मलाही तीच मागणी करावी लागेल, असा स्वार्थी हिशेब मी केला होता. परंतु त्या दोघांचा राग समजून घ्यायला हवा. भरतीची जाहिरात निघत नाही, वय निघून जाते, गावाकडून दरमहा पैसे मागवायची लाज वाटते. अशा वेळी ज्याच्याकडे नोकरी आहे त्याचे दुःख ऐकून घेण्याची ताकद उरत नाही.

धागाकर्त्याचे मत मध्येच नोंदवतो. वरील लेखनात संपाला विरोध करणाऱ्या एकानेही योजनेतील त्रुटी नाकारलेल्या नाहीत. भाजीबाजारात भेटलेल्या बाई, एसटीचे निवृत्त सहकारी, अभ्यासिकेतील मुले, या सर्वांचा आक्षेप ‘तुम्हाला का’ असा नसून ‘फक्त तुम्हालाच का’ असा दिसतो. संघटनांनी आपल्या पत्रकांत या दुसऱ्या प्रश्नाला एक ओळही दिली नव्हती, आणि सहानुभूती तिथेच निसटली, असे माझे मत आहे. मार्चअखेरीस नव्या योजनेतील मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याचा निर्णय झाला, तो या संपाचा सर्वांत ठोस लाभ. त्याची चर्चा मात्र कुठेच झाली नाही.

कनिष्ठ लिपिक, धाराशिव

ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा संपाची तयारी चालू असताना केंद्राने २४ तारखेला एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारल्याची बातमी आली. गावी गेलो तर पारावर अभिनंदन सुरू झाले: “मिळाली की पेन्शन, आता काय राहिलं?” मी त्यांना सांगितले की निम्म्या पगाराची हमी २५ वर्षांच्या सेवेवर आहे, त्याहून कमी सेवा असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते, आणि दहा टक्के कपात चालूच राहते. मी नोकरीला लागलो तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. निवृत्तीचे वय ५८, म्हणजे सेवा बावीस वर्षांची, आणि हमी ५० ऐवजी ४४ टक्क्यांची. एका काकांनी बोटांवर हिशेब केला आणि विचारले, “चव्वेचाळीस टक्के म्हणजे आमच्या किसानच्या सहा हजारांपेक्षा जास्त का कमी?” जास्त, असे मी म्हणालो. “वर्षाला का महिन्याला?” महिन्याला, असे सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि बोलणे सोयाबीनच्या भावाकडे वळले.