आयएफटीच्या जागी सिरॅमिक फिल्टर बसवला, आता बेसला बायस कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितो आहे.

रानडुकरांपायी बाबा रात्री हरभऱ्याच्या जागलीला जातात. मचाणावर मोबाइलला रेंज नाही. सोबतीला दोन सेलचा जुना मिडियम वेव्ह रेडिओ, त्यावर ५८५ किलोहर्ट्झला नागपूर आकाशवाणी. आवाज बारीक झाला म्हणून पिवळी आयएफटी (४५५ किलोहर्ट्झला जुळवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर) लोखंडी पेचकसाने फिरवायला गेलो, तर आतला फेराइटचा गाभा कडकन तडकला.

भंगारातल्या रेडिओतून ४५५ किलोहर्ट्झचा तीन पायांचा सिरॅमिक फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारा भाग) काढून तिच्या जागी लावला. एक पाय मिक्सरच्या (स्टेशनची फ्रिक्वेन्सी ४५५ ला आणणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) कलेक्टरला, मधला ग्राउंडला, तिसरा पुढच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. रेडिओ मुका! मीटर लावला तर कलेक्टरवर शून्य. सप्लाय आयएफटीच्या प्रायमरीतूनच (पहिल्या गुंडाळीतून) तिथे पोचत होता आणि सिरॅमिकमधून डीसी जात नाही. मग सप्लायपासून कलेक्टरला २.२ किलोओहमचा रेझिस्टर दिला. आता तिथे २ व्होल्टच्या आसपास येतात, कान लावला तर नागपूर पुसट ऐकू येतं.

अडलंय पुढे. पुढच्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.६ व्होल्ट हवेत, तिथे जवळपास काहीच नाही. ट्रॅक शोधत गेलो. बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा हाच डीसी व्होल्टेज) आणि एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारा व्होल्टेज) दोन्ही सेकंडरीच्या (दुसऱ्या गुंडाळीच्या) खालच्या टोकातून येत होते. त्या टोकापासून बेसला रेझिस्टर जोडायचा हे कळतं, पण किती किलोओहमचा? मोठा लावला तर बायस पुरणार नाही, लहान लावला तर सिग्नल एजीसीच्या कंडेन्सरमधून ग्राउंडला जाईल. शिवाय फिल्टरला दोन्ही बाजूंनी साधारण दीड-दोन किलोओहम दिसायला हवेत, नाहीतर पासबँड (फिल्टर सोडतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वेडावाकडा होतो.

आणखी एक. फिल्टरवरचं पट्ट्याची रुंदी सांगणारं अक्षर पुसलंय. आपल्याकडे मिडियम वेव्हवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने, रात्री लांबची स्टेशनं शेजारून शिट्टी घालतात. नवा घ्यायचा तर ±६ किलोहर्ट्झचा की ±४.५ चा? बाबांना बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम ऐकायचा असतो, गाण्यांचं एवढं नाही. सिरॅमिक फिल्टर ४५५ पासून दूरच्या काही फ्रिक्वेन्सीही सोडतो, म्हणून सोबत आयएफटी लागतेच. माझ्या पुढच्या दोन आयएफटी, पांढरी आणि काळी, शाबूत आहेत. तेवढ्यावर भागेल ना?

रोज सांजेला डबा बांधताना बाबा विचारतात, "काऊन रे, आजबी नाही का लागत नागपूर?"

शनिवारी यवतमाळला जातोय, सामान तिथेच घेईन. त्याआधी कोणी रेझिस्टर किती किलोओहमचा ते सांगितलं तर फार बरं होईल.